गाडी सहा आठवडे मालवणात ठेवायची आहे, कुठे ठेवू?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, ठाण्याला राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीने मालवणला येणार आहोत. चार दिवस चिवला बीचजवळ एका होमस्टेत राहून पुढे कुडाळहून रेल्वेने कोचीला मुलीकडे जायचं आहे. तिचं बाळंतपण आहे. जूनअखेर परत मालवणला येऊन गाडीने ठाणे गाठू. एवढा मोठा प्रवास गाडीने ह्यांना आता झेपत नाही, म्हणून ही योजना. मधले सहा आठवडे गाडी कुठे ठेवावी ते कळत नाही. होमस्टेवाले म्हणतात, गल्लीत लावा, इथे कोणी हात लावत नाही. बंदराजवळ जागा आहे, कुडाळ स्टेशनबाहेर आहे, आणि ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं देवबागला घर आहे, तेही ‘खुशाल ठेवा’ म्हणतात. गाडी पेट्रोलची, लहान, सात वर्षं जुनी. विमा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो. ताई, तुम्ही तिथल्याच आहात म्हणून विचारते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जागेचं नंतर बघू, आधी पॉलिसी. तुमची पॉलिसी तुम्ही कोचीत असतानाच संपते आहे. बाळंतपणाच्या गडबडीत ती तारीख हमखास निसटते. घरून निघण्याआधीच नूतनीकरण करून टाका. मुदत संपण्याआधी काही दिवस ते करता येतं आणि नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते, त्यामुळे एक दिवसही वाया जात नाही. खंड पडला तर कंपनी गाडी तपासल्याशिवाय पुन्हा विमा देत नाही, आणि गाडी तर इथे मालवणात. सात वर्षांची गाडी म्हणून काही जण फक्त थर्ड पार्टी घेतात, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान तेवढं भरणारा विमा. तुम्ही तसं करू नका. गाडीवर झाड पडलं, पुराचं पाणी शिरलं, गाडी चोरीला गेली, तर थर्ड पार्टीत एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे सगळं बसतं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यातले पहिले १,००० रुपये तेवढे आपण सोसायचे.

हे इतकं ठासून सांगते, कारण विमा कंपन्यांसाठी गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करण्यातच माझी नोकरी गेली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. माझ्यापुढे आलेल्या उभ्या गाड्यांच्या दाव्यांत चोरी अगदी थोडी. झाड, पाणी, उंदीर, माकडं, गंज, यांचीच गर्दी. तेव्हा ‘इथे कोणी हात लावत नाही’ हे होमस्टेवाल्यांचं म्हणणं खरं आहे, पण तुमच्या गाडीला धोका हाताचा नाहीच. तो आभाळाचा आणि समुद्राचा आहे.

तुम्ही निवडलेले आठवडे नेमके कसे आहेत बघा. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्याला. निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं ते ३ जून २०२० ला. वादळ दर वर्षी येत नाही, पण यायचं असलं तर हेच दिवस. वादळ नसलं तरी वळवाचा वारा मेअखेरीस माडांना पार वाकवतो, आणि मृग लागला की पाऊस धरतो. म्हणजे गाडी उन्हाळ्यात ठेवाल आणि भर पावसाळ्यात उचलाल. जागा बघताना डोळ्यांपुढे जून ठेवा. मेमधली कोरडीठाक, सावलीची, छान वाटणारी जागा जूनमध्ये डबकं असू शकते.

आता तुमच्या चार जागा.

गल्ली नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस उभी राहिलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात किंवा चाकाला कुलूप लावू शकतात. मालवणात कोणी घड्याळ लावून बसत नाही हे खरं. पण मे म्हणजे पर्यटकांचा आणि चाकरमान्यांचा हंगाम. गल्ल्या आधीच अरुंद, एखाद्या लग्नाचा मांडव पडला, पाण्याचा टँकर अडला, की परगावची पासिंग आणि फोन न लागणारा मालक एवढंच लोकांना दिसतं. गाडी ढकलतात, आरसे मुडपतात, ओरखडे पडतात. त्यात वाईट हेतू कोणाचा नसतो.

बंदराजवळची जागा किल्ल्यावर जाणाऱ्यांची आहे. सकाळी लावा, सिंधुदुर्ग बघून या, दुपारी काढा, इतपत ठीक. दर्यावरून येणारा खारा तुषार तिथे थेट काचेवर बसतो. शिवाय बंदराशी अनोळखी गाडी दिवसचे दिवस उभी राहिली की पोलीस चौकशी करणारच, आणि ती करायलाच हवी.

कुडाळ स्टेशन सोयीचं आहे, कारण रेल्वे तिथेच पकडायची. दोन-तीन दिवसांसाठी मी स्वतः लावते. सहा आठवड्यांसाठी नाही. उघड्यावरच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये पावती फाडणारा माणूस रोज बदलतो, तुमची गाडी कोणाच्या लक्षात राहणार?

आणि देवबाग. सहकाऱ्यांचं मन मोडायचं नाही, पण देवबागला मेअखेरीस गाडी ठेवू नका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माडांखाली घरं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, वरून पाऊस आणि पाठीशी वारा असं तिन्ही एकदम आलं की तिथल्या माणसांनाच घोर लागतो. त्यात तुमच्या गाडीची चिंता त्यांच्या डोक्यावर कशाला? किनाऱ्याला लागून असलेल्या वायरी-तारकर्लीच्या वाड्यांनाही हेच लागू.

मग कुठे? समुद्रापासून आत आणि वर. मालवण सोडून कसालच्या रस्त्याला लागलात की चढ चढून कुंभारमाठचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतं. तिथे पुराचं पाणी साचत नाही, खारा वारा कमी लागतो, घरांना ऐसपैस खळी, म्हणजे अंगणं, आहेत. किंवा सरळ कुडाळ-कणकवली. तिथल्या गॅरेजवाल्यांकडे पत्र्याची शेड असते, दिवसाच्या भाड्याने गाडी ठेवून घेणारे भेटतात, आणि परत आल्यावर बॅटरी, हवा, ब्रेक बघायला माणूस तिथेच असतो. तुमच्या बाबतीत कुडाळची शेड मला सगळ्यात बरी वाटते: गाडी सोडून रिक्षाने स्टेशन, येताना स्टेशनवरून रिक्षाने गाडीपाशी. फक्त कुडाळात भंगसाळ नदीच्या काठाचा सखल भाग टाळा. जोराच्या पावसात नदी बाहेर येते.

जागा ठरवायला फोटो मागवू नका. चार दिवस मालवणात आहात, एक सकाळ काढून स्वतः जा. जिथे गाडी उभी राहणार तिथे उभ्या राहा आणि आधी वर बघा. माड असेल तर नको, मग खाली कितीही छान सावली असो. भरलेला नारळ टपावर पडला तर वाटीएवढा खळगा पडतो, काचेवर पडला तर काच जाते, आणि सुकलेलं चुडत (झावळी) पडलं तरी बॉनेटचा रंग सोलून निघतो. घरमालक म्हणतील, पाडेली येऊन गेला, नारळ उतरवलेत. तरी नको, वाऱ्यात अख्खा माड जातो. शेवगा ठिसूळ, त्याची फांदी कधीही येते. फणसाचं तर सांगायला नको. जांभळाखाली रंग खराब होतो आणि माकडं येतात.

मग भिंतीकडे बघा. चिऱ्याचा गडगा किंवा घराची भिंत खोटं बोलत नाही. मागच्या पावसाळ्यात पाणी जिथवर चढलं तिथे वाळलेल्या शेवाळाची काळपट हिरवी रेघ असते, कधी मातीचा पिवळसर पट्टा. बोटाने खरवडून बघा. ती रेघ गुडघ्याएवढी असली तर गाडीच्या आत पाणी आलंच म्हणून समजा. पायाखाली काय आहे तेही बघा: चिऱ्याची फरशी किंवा काँक्रीट उत्तम, तांबडी माती चालेल पण चाकांखाली फळ्या टाका, वाळू अजिबात नको.

मांगर (गवत-गुरांची कौलारू शेड) देऊ केला तर आत डोकावून बघा. चार भिंती आणि वर कौलं म्हणजे वाऱ्या-पावसाची चिंता मिटली. पण आत गवत, पेंढा, भाताचं कणगं असेल तर उंदीर असणारच, आणि पावसात त्यांना बॉनेटखालच्या जागेइतकी कोरडी जागा दुसरी नाही. मी असं एक बॉनेट उघडलं होतं, बॅटरीच्या मागे पेंढ्याचं नीट गोल केलेलं घरटं, त्यात वायरींचे लाल-पिवळे तुकडे अंथरलेले. अख्खं वायरिंग बदलावं लागलं आणि उंदरांच्या नुकसानीवरून विमा कंपनीशी वाद झाला तो वेगळाच. रिकामा, झाडलेला मांगर मात्र सोन्यासारखा.

सगळ्यात जास्त वेळ माणूस बघण्यात घालवा. रोज गाडीवरून ज्याची नजर जाते असा माणूस हवा. कुलूपबंद बंगल्याच्या आवारापेक्षा म्हातारी आजी पडवीत बसलेली असते ते खळं कितीतरी चांगलं. आणि पैसे द्या. ओळखीचे असले, ‘ठेवा थंय, काय एक होवचा नाय’ म्हणाले, तरी द्या. फुकट ठेवलेल्या गाडीबद्दल पावसात उठून बघायला सांगताना आपल्यालाच संकोच वाटतो. दिवसाला शंभर-दीडशे रुपये मला रास्त वाटतात, निम्मे आधी, निम्मे परत आल्यावर.

एका कागदावर लिहून घ्या. वकिली भाषा नको. ‘अमुक नंबरची गाडी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या खळ्यात ठेवली आहे. एक चावी आमच्याकडे दिली आहे. गाडी चालवायची नाही; झाड किंवा पाण्याचा धोका दिसला तरच फोन करून हलवायची. भाडं इतकं.’ खाली दोघांच्या सह्या, फोन नंबर, आणि कोचीतल्या मुलीचाही नंबर. गाडीच्या चारही बाजूंचा, टपाचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ त्यांच्या समोर काढा आणि तिथल्या तिथे त्यांना वॉट्सॲपवर पाठवा. चावीचा उल्लेख विसरू नका. गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक कोणाकडे आणि का होती याचा कागद असला की प्रश्न उरत नाही. गाडीचं मूळ आरसी बुक आत ठेवू नका, ते डिजिलॉकरमध्ये असलं की पुरतं.

ठेवायच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन घ्या, खालून पाण्याचा जोराचा फवारा मारून. चार दिवस किनाऱ्यावर फिरल्यावर खालच्या पत्र्यावर मीठ असतं. आतून बिस्किटाचा चुरासुद्धा राहू देऊ नका. पायपुसण्या काढून घरात ठेवा. पावसाळ्यात बंद गाडीत स्टिअरिंगवर, सीटबेल्टवर पांढरी बुरशी धरते आणि ओल्या पायपुसणीपासून ती सुरू होते. टाकी पूर्ण भरा, कारण आताचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत हवेला जागाच ठेवायची नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पॉइंट हवा जास्त.

हँडब्रेक लावून ठेवू नका. दमट हवेत सहा आठवड्यांत तो आतल्या आत धरतो आणि मागची चाकं फिरत नाहीत. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा. बॅटरीची मायनसची वायर काढा, मात्र त्याआधी साध्या चावीने दरवाजा उघडतो की नाही ते करून बघा. रिमोटची सवय लागल्यावर ते कुलूप कित्येक वर्षं वापरलेलंच नसतं. ‘आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवू का?’ असं घरमालक आपुलकीने विचारतील. नको म्हणा. पाच मिनिटांत बॅटरीने गमावलेलं भरून निघत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

उघड्यावर ठेवणार असाल तर कव्हर घालू नका. वाऱ्यात कव्हर फडफडतं, खाली अडकलेली वाळू रंगावर घासत राहते. देवबागच्या एका गाडीचे चारही कोपरे मी असे पत्र्यापर्यंत घासलेले पाहिले आहेत, अगदी नव्या गाडीचे.

परत आल्यावर घाई करू नका. आधी बॉनेट उघडून बघा, मग बॅटरी जोडा. आत पाणी शिरल्याची जराही शंका आली, म्हणजे पायपुसणीखालचा गालिचा ओला लागला, वास आला, तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना चालू केल्याने झालेलं नुकसान वेगळं इंजिन-संरक्षण घेतलेलं नसेल तर पॉलिसीत बसत नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. सगळं कोरडं असेल तर पहिले दोन-चार किलोमीटर हळू, ब्रेक पुन्हा पुन्हा हलके दाबत. डिस्कवर तांबूस गंजाचा थर असेल, खरखर येईल, ती जाते. गेली नाही तर परशुराम घाट गाठायच्या आधी कुडाळ-कणकवलीतच गॅरेजला दाखवा.

बाळ-बाळंतिणीला माझे आशीर्वाद. गाडीची काळजी इथेच ठेवून जा.

प्रश्न : आमचं तारकर्लीला चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणे चावी देऊन महिना-महिना गाडी ठेवू का विचारतात. नाही म्हणवत नाही. ‘गाड्या स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात’ अशी पाटी लावली तर आम्ही सुटतो का?
— होमस्टेचालक, तारकर्ली

उत्तर : पूर्णपणे नाही. तुमच्या अंगणात कोणी आपली गाडी लावून चावी खिशात घालून गेला, तर तुम्ही फक्त जागा दिलीत. पण चावी तुम्ही हातात घेतलीत आणि सांभाळायचं कबूल केलंत, की भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे ती वस्तू तुमच्या ताब्यात आली. कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलमधून १९९८ मध्ये पाहुण्याची गाडी चोरीला गेली. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती आणि पावतीवर जबाबदारी मालकाची असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल दिला की हलगर्जीपणा झाला असेल तर अशा छापील ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही, आणि हलगर्जीपणा झाला नाही हे दाखवणं हॉटेलचं काम.

याचा अर्थ घाबरून नाही म्हणा असा नाही. काळजी घेतल्याचं दाखवता आलं की तुम्ही सुरक्षित आहात. वादळाने मोडलेल्या माडाचा दोष कोणी तुम्हाला देणार नाही. पण त्याच माडाचा पोखरलेला बुंधा तुम्ही पाहिला होता आणि तरी खाली गाडी लावलीत, तर गोष्ट वेगळी. चाव्या कुलपात ठेवा, दारामागच्या खिळ्याला नको. आरसीवरचं नाव आणि पाहुण्याचं ओळखपत्र जुळतं का बघा, दोन्हींचे फोटो ठेवा. विमा चालू आहे का विचारा, संपलेला असेल तर गाडी घेऊ नका. आणि घरातल्या मुलांना, कामाच्या पोरांना सक्त सांगा की पाहुण्याच्या गाडीला हात लावायचा नाही. परवाना नसलेल्या मुलाने बाजारापर्यंत जरी नेली आणि कोणाला ठोकलं, तर ते प्रकरण तुमचं घर हलवेल.

मे आणि जूनसाठी पाहुण्याला स्पष्ट सांगा, इथे किनाऱ्यावर नको. कुंभारमाठला, चौक्याला तुमचे नातेवाईक असतील, त्यांच्या खळ्याची सोय करून द्या आणि भाडं त्यांना मिळू द्या. दिवाळी ते होळी मात्र खुशाल ठेवून घ्या.

प्रश्न : माझी गाडी कर्नाटक पासिंगची. वेंगुर्ल्यात आईच्या घरी ठेवून देतो, सुट्टीत आलो की वापरतो. वर्षानुवर्षं अशी ठेवली तर चालेल का?
— वाचक, बेळगाव

उत्तर : दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथली नोंदणी करून घ्यावी लागते. बेळगावच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला घ्या, मग सिंधुदुर्गनगरीला एमएच-०७ साठी अर्ज करा. महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून कर्नाटकात भरलेल्याचा उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी तिथली पावती जपून ठेवा. वर्षाच्या आत गाडी बेळगावला नेऊन आणत असाल तर हे काही लागत नाही, फक्त जाण्या-येण्याचे पेट्रोलचे किंवा टोलचे कागद हाताशी असू द्या. आणि वेंगुर्ल्याचं घर समुद्रापासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जवळ असेल तर पावसाळ्याचे चार महिने गाडी बेळगावलाच ठेवा.